आमच्या परसांतील अंजिरें

इ. स. २०१७ च्या मेअखेर मी शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालों, आणि त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत आमच्या परसांतील अंजिराचें झाड वाळूं लागलें. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नाहीं, हें मला कळतें. परंतु तेहतीस वर्षें ज्या झाडाकडे मी केवळ फळें काढण्यापुरतें पाहत आलों, त्याच्या बुंध्यापाशीं स्वस्थ बसण्याची सवड मला प्रथमच मिळाली. आणि ती मिळाली तेव्हां उशीर झाला होता. त्या झाडाच्या निमित्तानें गेल्या आठ वर्षांत जें शिकलों, तें घरामागें थोडीशी जागा बाळगून असलेल्या वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर सासवडास, कऱ्हेपासून थोड्या अंतरावर आहे. घरामागें विहीर व सुमारें पांच गुंठे मोकळी जागा आहे. पुरंदर तालुका अंजिरासाठीं प्रसिद्ध आहे. दिवे, सोनोरी, राजेवाडी, वाघापूर, गुऱ्होळी या गांवांची निचऱ्याची, चुनखडीचा अंश असलेली जमीन, बेताचा पाऊस आणि कोरडी हवा या झाडास मानवते. २०१६ सालीं 'पुरंदर अंजीर' या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें. पण आमचें झाड कोणत्याही मानांकनाच्या पुष्कळ आधींचें. तें माझ्या मातोश्रींनीं १९८४ सालीं लावलें.

त्या वेळीं राजेवाडीची एक बाई बाजाराच्या दिवशीं अंजिरांची पाटी घेऊन सासवडास येत असे. तिला लिहितां-वाचतां येत नसे. तिचा मुलगा नुकताच लष्करांत लागला होता. त्याचीं पत्रें ती आमच्या ओसरीवर बसून आईकडून वाचून घेई व उत्तरें लिहवून घेई. आई याबद्दल कांहीं घेत नसे, आणि बाईला फुकट काम करून घेणें रुचत नसे. शेवटीं एके दिवशीं तिनें ओल्या फडक्यांत गुंडाळून अंजिराच्या तीन काड्या आणल्या. त्यांपैकीं एक जगली. आई २००९ मध्यें वारली. त्यानंतरही घरांत त्यास 'आईचें झाड' असेंच म्हणत.

२०१७ च्या पावसाळ्यांत प्रथम त्याच्या शेंड्याचीं पानें पिवळीं पडलीं. मग बुंध्याशीं लांकडाचा भुसा दिसूं लागला. खोडकिडा शिरला होता. भोंकांत तार घालून किडे काढले, भोंकें लिंपलीं. तरी झाड सुधारेना. म्हणून मुळ्या उकरून पाहिल्या, तों त्यांवर ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या आकाराच्या गांठीच गांठी. त्या मुळ्या घेऊन मी जाधववाडीच्या अंजीर व सीताफळ संशोधन केंद्रांत गेलों. तेथील तज्ज्ञांनीं त्या पाहतांच सांगितलें, "गुरुजी, हे सूत्रकृमि. झाड आतां वांचणार नाहीं. पण वरच्या निरोगी फांद्यांच्या काड्या करून घ्या. कृमि मुळांत असतात, फांदींत नसतात. बुंध्याजवळची माती मात्र दुसरीकडे कोठें नेऊं नका."

घरीं येऊन मीं पहिलें काम केलें तें हें कीं, झाडापासून चार हातांवर असलेलीं पेरूचीं दोन रोपें उपटून पाहिलीं. दोन वर्षांपूर्वीं एका रोपवाटिकेंत स्वस्त मिळाल्यामुळें मींच तीं आणलीं होतीं. त्यांच्या मुळांवरही तशाच गांठी होत्या. कृमि त्या रोपांच्या पिशवींतील मातींतून आले, कीं आधींपासूनच आमच्या जमिनींत होते, हें आतां सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु मुळें न पाहतां रोपें लावणारा मीच होतों. ओल्या फडक्यांतून आलेली काडी आईनें वाढविली. आणि मीं चार पैसे वांचल्याच्या आनंदांत घरांत काय आणिलें, याची चौकशीही केली नाहीं. ही गोष्ट मीं सौभाग्यवतींस त्या दिवशीं सांगितली नाहीं; पुढें सांगितली. त्या म्हणाल्या, "मला तेव्हांच दिसलें होतें." विषय तेवढ्यावर संपला, माझ्या मनांतून मात्र तो गेला नाहीं.

ऑक्टोबरांत पाऊस ओसरल्यावर मीं काड्या काढल्या. ज्यांस हें काम करावयाचें असेल त्यांनीं गेल्या वर्षींचें पक्कें झालेलें, पेन्सिलीएवढ्या जाडीचें लांकूड निवडावें. एक वीत लांबीच्या, चार-पांच डोळे असलेल्या काड्या कराव्या. खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा, व दोनतृतीयांश काडी मातींत जाईल अशा बेतानें लावावी. काप घेतल्यावर वाहणारा पांढरा चीक अंगास लागूं देऊं नये. हा चीक कातडीवर राहून वर ऊन पडलें, तर भाजल्यासारखे फोड येतात. लहान मुलांना यासाठीं जपावें. चोवीस काड्यांपैकीं नऊ रुजल्या. चार घरीं ठेवल्या, पांच आप्तेष्टांस दिल्या.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आंब्याच्या कोयीपासून झालेलें झाड हें आईचें मूल असतें. त्यांत बापाचा अंश मिसळतो. अंजिराच्या काडीपासून झालेलें झाड हें मूल नव्हे. तें तेंच झाड होय. शरीर तेंच, ठिकाण निराळें. त्यामुळें काडी रुजली म्हणजे आईचें झाड वांचलें, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति मुळींच नव्हती. पण याच नियमाची दुसरी बाजू पुढें माझ्या ध्यानांत आली. ती यथास्थळीं सांगेन.

चार झाडें आईचीं झालीं. जागा तर पुष्कळ उरली होती. निवृत्त मनुष्यास जागा व वेळ दोन्ही मोकळीं असलीं म्हणजे संग्रहाचा मोह सुटतो. जगांत अंजिराच्या शेंकडों जाती आहेत. कॅलिफोर्नियांतील पंडित आयरा काँडिट यांनीं तर आयुष्याचा मोठा भाग या जातींचीं वर्णनें लिहिण्यांत घालविला, व त्यांचा बृहद्ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं संकरानें निर्माण केलेल्या कोनाड्रियासारख्या जाती आज आपल्या देशांतही मिळतात. मीं आठ नांवांचीं आठ रोपें आणलीं: राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें निवडून काढलेली 'फुले राजेवाडी', मराठवाड्यांत रुळलेली 'दिनकर', आणि 'डायना', 'कोनाड्रिया', 'एक्सेल', 'ब्राउन टर्की', 'ब्लॅक इस्चिया' व 'टर्किश व्हाइट'. या खेपेस मात्र प्रत्येक रोपाची पिशवी फाडून मुळें बादलींत धुतलीं, भिंग घेऊन पाहिलीं, व नव्या मातींत लावून दोन महिने गच्चीवर वेगळीं ठेवलीं. शेजारी हंसले. एकानें विचारलें, "गुरुजी, रोपांना सुतक आहे कीं काय?" मीं म्हटलें, "तसेंच समजा."

जुन्या झाडाची जागा मोकळी ठेविली. तेथें निंबोळी पेंड घालून दोन वर्षें केवळ झेंडू लावला. झेंडूच्या मुळांनीं गांठी करणाऱ्या सूत्रकृमींचा जोर कमी होतो. अंजिरांसाठीं परसाच्या दुसऱ्या टोंकास दोन-दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन त्यांत कुजलेलें शेणखत व चाळलेली माती भरली. दोन झाडांत चार मीटर अंतर ठेविलें. अंजिराचीं मुळें पसरट असतात. विहिरीच्या कठड्यालगत किंवा घराच्या पायाशीं तें लावूं नये. त्यास पाणी हवें, पण साचलेलें पाणी मुळींच सोसत नाहीं.

झाडें वाढत असतां घरांत एक शंका निघाली. सौभाग्यवतींच्या वाचनांत कोठेंसें आलें कीं, अंजिराच्या आंत एक माशी शिरून मरते. त्यांनीं मला सरळ विचारलें, "मग उपवासाला आपण हे जंतु खातों काय?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं मला पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें.

एखादा स्नेही पुष्कळ दिवसांनीं भेटला म्हणजे आपण त्यास 'उंबराचें फूल झालां' असें म्हणतों. उंबराचें फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, हा त्यांतील भाव. वस्तुतः वड, पिंपळ, उंबर व अंजीर हीं एकाच कुळींचीं झाडें असून, ज्यास आपण त्यांचें फळ म्हणतों ती फुलांची बंद पिशवी आहे. शेंकडों बारीक फुलें आंत तोंड करून बसलेलीं असतात, आणि बाहेरच्या जगाशीं त्यांचा संबंध फळाच्या टोंकावरील एका छिद्रापुरताच असतो. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत फुलावांचून फळणाऱ्या झाडांना 'वनस्पति' ही संज्ञा दिली आहे. तिकडे अमरकोशानें उंबराच्या नांवांत 'जंतुफल' हें नांव नोंदविलें आहे. पहिल्या संज्ञेंत झाडाचें बाहेरून झालेलें दर्शन आहे, दुसऱ्या शब्दांत फळ फोडून पाहणाऱ्याचा अनुभव आहे. मुलांना अमरकोश पाठ करावयास लावीत असतां या शब्दावरून मी कितीदां पुढें गेलों, पण उंबर फोडून त्यांस कधीं दाखविलें नाहीं, याचें आतां वाईट वाटतें.

उंबरांतील जंतु हे गांधीलमाशीच्या वर्गांतील चिलटाएवढे कीटक होत. ते नसते तर आंतल्या फुलांचें परागण झालें नसतें. अंजिराच्याही 'स्मर्ना' म्हणविल्या जाणाऱ्या जातींस असाच एक विशिष्ट कीटक लागतो. त्याची मादी रानअंजिरांतून पराग घेऊन त्या छिद्रांतून आंत शिरते. पंख बाहेरच तुटतात, आणि ती आंतच मरते. फळांतील रस तिचें शरीर बहुतांशीं विरवून टाकतो. तुर्कस्थानाकडील कांहीं प्रसिद्ध सुक्या अंजिरांची हीच रीति आहे. जैन गृहस्थ पंच-उदुंबरांचीं फळें वर्ज्य मानतात, त्यामागें हीच सूक्ष्म दृष्टि असली पाहिजे. परंतु आपलें पुणेरी अंजीर या वर्गांतलें नव्हे. त्याचें फळ परागणावांचून पिकतें. म्हणूनच त्यांतील बिया पोकळ असतात, आणि झाड काडीनेंच वाढवावें लागतें. फळ फार पिकून फुटल्यावर मुंग्या शिरतात ती गोष्ट निराळी. हें सारें मीं समजावून सांगितल्यावर, सौभाग्यवतींनीं एक अंजीर स्वतः फोडून उजेडांत धरून पाहिलें, आणि मगच नैवेद्याच्या वाटींत ठेविलें. शब्दप्रामाण्यापेक्षां प्रत्यक्षप्रमाण श्रेष्ठ मानणारी अशी शिष्या मला वर्गांत क्वचितच मिळाली.

२०१९ च्या पावसाळ्यांत पहिली परीक्षा झाली. पानांच्या खालच्या अंगास नारिंगी भुकटी दिसूं लागली, आणि पंधरा दिवसांत निम्मीं झाडें उघडीं पडलीं. हा तांबेरा. पावसाळी हवेंत अंजिराचा हा मुख्य शत्रु होय. त्यावर १८८५ च्या सुमारास फ्रान्सांत द्राक्षांसाठीं निघालेलें बोर्डो मिश्रणच घरगुती बागेस पुरेसें पडतें. शंभर ग्रॅम मोरचूद पांच लिटर पाण्यांत व शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पांच लिटर पाण्यांत वेगवेगळा विरघळवावा. भांडीं प्लॅस्टिकचीं किंवा मातीचीं असावींत, लोखंडाचीं नसावींत. मग दोन्ही एकत्र ओतून गाळून घ्यावीं. घांसलेला लोखंडी सुरा मिश्रणांत क्षणभर बुडवून काढावा. त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. फवारणी पाऊस लागण्यापूर्वीं एकदां व उघडीप पाहून पुढें करावी. पिकलेल्या फळांवर करूं नये. गळलेलीं पानें झाडाखालीं कुजूं न देतां जाळावीं.

तिसऱ्या वर्षीं सर्व झाडांस फळें आलीं, आणि दुसरीच मौज उघडकीस आली. मीं एक वही घातली होती. फळाचा आकार, मान आंखूड कीं लांब, टोंकाचा डोळा उघडा कीं मिटलेला, सालीचा व गराचा रंग, वजन, पिकण्याची तारीख, अशीं तींत सदरें होतीं. पानांवर मीं फारसा विश्वास ठेविला नाहीं. एकाच झाडावर तीन पाळ्यांचें व पांच पाळ्यांचें पान सांपडतें. दोन हंगामांच्या नोंदी समोरासमोर ठेवतां असें दिसलें कीं, 'एक्सेल' म्हणून आणलेलें झाड व 'डायना' म्हणून आणलेलें झाड यांत कोणत्याच सदरांत फरक नाहीं. आणि 'ब्लॅक इस्चिया' या भारदस्त नांवाखालीं मला विकलेलें झाड म्हणजे आपली पुणेरीच! आठ नांवांत नव्या जाती सहाच निघाल्या. विकणाऱ्यानें फसविलें, कीं त्याच्या हातून पाट्यांची अदलाबदल झाली, हें मला ठाऊक नाहीं. पण नांव उच्चारल्यानें वस्तु सिद्ध होत नाहीं, ती लक्षणांनीं सिद्ध होते, हा न्यायशास्त्राचा पहिला पाठ मला पैसे भरून पुन्हां शिकावा लागला. ज्यांस अनेक जाती लावावयाच्या आहेत त्यांनीं वही आधीं घालावी, झाडें मागाहून आणावीं.

आतां त्या सहा जातींविषयीं माझ्या परसापुरतें सांगतों. डायना मोठी, सोनेरी पिवळी. दिसावयास फार सुंदर, गोडीस चांगली, पण स्वादास किंचित् अळणी. कोनाड्रियाची साल फिकट हिरवट व गर गुलाबी. पाऊस नसेल तेव्हां उत्तम. ब्राउन टर्कीचें फळ आमच्याकडे कधीं बरें, कधीं पाणचट. टर्किश व्हाइट चार वर्षांत मनासारखी फळली नाहीं. दिनकर चांगली निपजली. फुले राजेवाडी आईच्या झाडाच्या इतकी जवळची कीं, डोळे मिटून चव घेतां मला ओळखतां येत नाहीं, सौभाग्यवती ओळखतात. डोळा मिटलेल्या फळांत पावसाचें पाणी व मुंग्या कमी शिरतात, म्हणून तीं कमी आंबतात, हा गुण निवड करतांना अवश्य पाहावा. आणि उन्हाळ्यांतील मीठा बहार कोणत्याही जातीचा असो, पावसाळ्यानंतरच्या खट्ट्या बहाराहून गोड लागतो. मीं तर आतां घरासाठीं मीठा बहारच धरतों.

परसांतल्या अंजिराचें खरें सुख मात्र जातींत नाहीं, पिकण्यांत आहे. अंजीर कच्चें तोडून आढींत पिकत नाहीं. तें झाडावरच मऊ होऊन मानेंतून लवावें लागतें. आणि असें पिकलेलें फळ पुढें दोन दिवस टिकणें कठीण. म्हणून बाजारासाठीं तें थोडें आधींच काढावें लागतें. पूर्ण पिकलेलें अंजीर खावयाचें तर झाड हाकेच्या अंतरावर हवें, आणि बुलबुलाच्या आधीं उठावयास हवें.

असो. आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तो सांगतों. माझा भाचा कॅलिफोर्नियांत फ्रेस्नोजवळ नोकरीस आहे. तो प्रदेश अंजिरांचा. तेथें १८८० नंतर स्मर्ना जातीचीं झाडें नेऊन लावलीं. तीं वाढलीं, पण कित्येक वर्षें फळें कोंवळेपणींच गळत. अखेर तो सूक्ष्म कीटकही आणावा लागला, आणि १८९९ मध्यें फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांच्या बागेंत तो स्थिरावल्यावर झाडें फळलीं. कॅलिफोर्निया व स्मर्ना मिळून त्या अंजिरास 'कॅलिमर्ना' हें नांव पडलें. २०२२ च्या हिवाळ्यांत भाचा येणार होता. त्यानें फोनवर विचारलें, "मामा, कॅलिमर्नाच्या काड्या आणूं का?" मीं म्हटलें, "नको रे. तो कीटक माझ्या परसांत कोठून येणार? जन्मभर गळकीं फळें मोजीत बसावें लागेल." तो म्हणाला, "मग ब्लॅक मिशन आणतों. तिला कीटक लागत नाहीं. बॅगेंत मोज्यांच्या घडींत दोन काड्या. कोणाला कळायचेंही नाहीं."

ब्लॅक मिशन! काळसर जांभळी साल, आंत तांबूस गर; स्पॅनिश धर्मोपदेशकांच्या मठांबरोबर त्या किनाऱ्यावर गेलेली जात. तिचीं चित्रें मीं किती वेळां पाहिलीं होतीं! मीं लगेच नाहीं म्हटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. मी गप्प राहिलों, आणि पलीकडे त्यानें तो होकारच समजला. रात्रभर मला झोंप आली नाहीं.

२००३ सालच्या वनस्पति-संगरोधाच्या आदेशाप्रमाणें लागवडीसाठीं परदेशांतून काड्या आणावयाच्या तर आधीं परवाना, त्या देशाचें वनस्पतींच्या आरोग्याचें प्रमाणपत्र व येथें आल्यावर तपासणी, हें सर्व लागतें. तें कायद्यानें लागतें एवढेंच माझ्या मनांत असतें, तर कदाचित् मीं स्वतःची समजूत घातलीही असती. मनुष्य अशा वेळीं मोठा चतुर होतो. पण काडी हें तेंच झाड असतें, या नियमाची दुसरी बाजू त्या रात्रीं मला दिसली. काडीबरोबर झाड येतें, तसा झाडाचा रोगही येतो. अंजिराचा 'मोझेक' नांवाचा रोग काडींतून पसरतो, त्यास औषध नाहीं, आणि कॅलिफोर्नियाच्या बागांत तो आहे. आणि आमच्या तालुक्यांतील बागाही काड्यांनींच वाढलेल्या; जणूं काय एकच शरीर हजारों बांधांवर उभें आहे. एकास जें बाधेल, तें सर्वांस बाधेल. माझें परस हें माझ्या कुंपणाशीं संपत नाहीं. पेरूचीं दोन रोपें मीं आणलीं, तेव्हां माझ्याच घरचें झाड गेलें. या वेळीं जें जाईल तें माझें नसेल. कोणाच्या तरी मुलीचें लग्न, कोणाच्या तरी मुलाची फी त्यावर अवलंबून असेल.

सकाळीं मीं भाच्यास स्पष्ट नको म्हणून कळविलें. तो जरा रागावला. "दोन काड्यांनीं काय होणार आहे, मामा?" मीं म्हटलें, "तुझ्या आजीनें एका काडीवर तेहतीस वर्षें अंजिरें खाऊं घातलीं. दोन काड्यांनीं काय होत नाहीं?" तो आला तेव्हां काड्यांऐवजीं छापील चित्रें घेऊन आला. तीं भिंतीवर लावलीं आहेत, आणि तेथें तीं शोभतात.

दुसरी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. २०२३ मध्यें मला असें वाटूं लागलें कीं, ज्या घरून काडी आली त्या घरचें झाड आहे कीं नाहीं, हें एकदां पाहावें. राजेवाडीस जाऊन चौकशी केली. बाई पूर्वींच वारल्या होत्या. लष्करांतले ते चिरंजीव निवृत्त होऊन गांवींच राहतात. आमचें वय जवळजवळ सारखें. त्यांची जुनी बाग काढून तेथें सीताफळ लावलें होतें. अंजिराचें एकही झाड शिल्लक नव्हतें. मीं कोण तें सांगतांच ते उठून आंत गेले व एक पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यांत आईच्या वळणदार अक्षरांतलीं सतरा अंतर्देशीय पत्रें होतीं. एकांत त्यांच्या आईच्या तोंडचा मजकूर होता कीं, घरीं सर्व खुशाल, म्हैस व्याली, आणि अंजिराची काडी बाईंना दिली ती जगली. "तुम्ही कोणाच्या हातचीं पत्रें वाचतां हें तेव्हां ठाऊक होतें काय?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "अक्षर ठाऊक होतें, गुरुजी. माणूस ठाऊक नव्हतें."

पुढील पावसाळ्यांत त्यांच्या बांधावर मीं आईच्या झाडाचीं तीन रोपें लावून आलों. रोपें नेतांना मुळें धुऊन दाखविलीं. या वर्षीं त्यांस पहिलीं फळें आलीं; त्यांतलीं सहा त्यांनीं पळसाच्या पानांत बांधून आमच्याकडे पाठविलीं.

ज्यांच्या घरामागें चार हात जागा व दिवसभर ऊन असेल, त्यांनीं अंजीर जरूर लावावें. प्रथम आपल्या मातींत सिद्ध झालेली जात लावावी, तिचा स्वभाव ओळखावा, मग हौसेनें दुसऱ्या आणाव्या; ज्या आणाल त्या कोठून आल्या, त्यांच्या मुळांस काय आहे, हें पाहून आणाव्या. आमच्या वर्तुळांतील कोणी सासवडास आल्यास आमच्या परसांत त्यांचें स्वागत आहे. काडी अवश्य न्यावी. माती मात्र नेऊं नये.